सांधा दिसूं नये म्हणून

नव्या मोटारगाडीच्या चकचकीत दारावर दिव्याच्या लांब नळीचें प्रतिबिंब पडलें आणि त्याची रेघ मध्येंच मुरडलेली दिसली, तर तेथें घडणींत कांहीं उणें आहे असें समजावें. बोटाला जें कळत नाहीं, तें प्रकाश सांगून टाकतो.

गाडीचें सबंध अंग एकाच समीकरणांत बसविणें अवघड; म्हणून गणकयंत्रावर आराखडा करतांना तें अनेक वक्र तुकडे जोडून घडवितात. या सांध्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर कडेला कड मिळते. फट राहत नाहीं, पण छपराचीं दोन पाखीं आढ्याशीं मिळतात तशी धार राहते. दुसऱ्या पायरीवर सांध्याच्या प्रत्येक बिंदूपाशीं दोन्ही तुकड्यांचें स्पर्शतल एकच होतें. धार जाते, तरी प्रतिबिंबाची रेघ मुरडतेच. तिसऱ्या पायरीवर वक्रताही जुळते, तेव्हां ती रेघ सरळ वाहत पुढें जाते. आगगाडीचा सरळ रूळ एकदम वर्तुळाला जोडला, तर दिशा जुळूनही डब्याला हिसका बसतो. म्हणून मध्यें हळूहळू वळणारा संक्रमण-वक्र घालतात. न्याय तोच.

हें साधतें कसें? फ्रान्समधील सित्रोएन कारखान्यांत पॉल द कास्तेल्झो यांनीं १९५९ मध्यें एक रीत शोधली. कारखान्यानें ती गुप्त ठेविली. रेनो कारखान्याचे पिएर बेझिए यांनीं पुढील दशकांत तशीच रीत प्रसिद्ध केली आणि त्या वक्रांना त्यांचें नांव मिळालें. या रीतींत एकेका तुकड्याचा आकार बहुधा १६ नियंत्रक बिंदूंच्या जाळ्यानें ठरतो. समाईक कडेवरील चार बिंदूंपैकीं प्रत्येक बिंदू व त्याचे दोन बाजूंचे शेजारी एका सरळ रेषेंत ठेवावे, अंतरांचें गुणोत्तर चारही ठिकाणीं एकच राखावें, कीं दुसरी पायरी गांठली.

खरी कसोटी कोपऱ्यावर लागते. चारांऐवजीं तीन किंवा पांच तुकडे एका बिंदूंत मिळाले, कीं चौकोनी जाळें तेथें नीट बसत नाहीं. एडविन कॅटमुल व जेम्स क्लार्क यांनीं १९७८ मध्यें जाळें पुनःपुन्हां विभागून गुळगुळीत पृष्ठ मिळविण्याची युक्ति दिली. तीही अशा बिंदूपाशीं सामान्यतः दुसऱ्याच पायरीवर थांबते.

सुताराचा उणा सांधा लांबी आणि रंग झांकतात. येथें मात्र रंगाला जितकी झिलई अधिक, तितका सांधा उघडा पडतो. म्हणून तो आधीं कागदावर, गणितांतच जुळवावा लागतो.