निष्कर्ष पुराव्याच्या मापाचा



  आज तुमच्या साक्षीने एक युक्तिवाद तपासायचा आहे.

एप्रिल २००५मध्ये हैदराबादहून इस्रोच्या प्रयोगाचा एक फुगा आकाशात गेला आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून त्याने खाली आणली. प्रमुख संशोधक होते डॉ. जयंत नारळीकर. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत नमुने तपासले गेले आणि २००९ साली जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल, आर्यभट आणि इस्रो यांची नावे त्यांना मिळाली.

त्यावरून एक युक्तिवाद सहज उभा राहतो. जीवसृष्टी अंतराळातून आली असेल, तर इतक्या उंचीवर सूक्ष्मजीव सापडतील, ते सापडले, म्हणजे जीवसृष्टी अंतराळातूनच आली. ऐकायला चोख वाटते. पण पाऊस पडला तर अंगण भिजते, म्हणून भिजलेले अंगण दिसले की पाऊस पडला असे होत नाही. कुणी सडा घातला असेल! ज्वालामुखीचे मोठे उद्रेकही जमिनीवरचे कण स्थितांबरात फेकतात. ही वाट बंद केल्याशिवाय दुसरी वाट सिद्ध होत नाही.

दुसरी गफलत अधिक लपलेली आहे. ‘या प्रजाती पृथ्वीवर आजवर आढळल्या नव्हत्या’ याचे ‘पृथ्वीवरच्या नाहीत’ कधी होते, ते कळतही नाही. जीवाणूंच्या फार थोड्या प्रजाती आपण ओळखतो. आर्यभटाच्या नावाचा जीवाणू पुढे मातीत आणि वनस्पतींच्या मुळांजवळही सापडला.

यावर उत्तर येते : मातीतले जीवाणूही मुळात वरूनच आले! म्हणजे पृथ्वीवरच्या जीवाणूंशी नाते जुळले तरी सिद्धान्त खरा आणि न जुळले तरी खरा. कोणत्याही निकालाने ज्याला धक्का लागत नाही, त्याला कोणत्याही निकालाचा आधारही मिळत नाही. शिवाय जीव बाहेरून आला असे मानले, तरी तिथे तो कसा उपजला हा प्रश्न उरतोच.

पण उलट बाजूची घाईही तितकीच सदोष. सिद्ध झाले नाही म्हणून ते खोटे ठरत नाही. इस्रोने नेमके हेच भान ठेवले : परग्रहीय उगम या अभ्यासाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण शोध पुढे चालू ठेवायला उत्तेजन मिळते, असे त्यांनी निवेदनातच स्पष्ट केले.

निष्कर्ष बरोबर असला, की युक्तिवाद तपासायचा आपल्याला कंटाळा येतो. एक जुने उदाहरण पाहा. फ्रान्समध्ये १८६०च्या दशकात शास्त्रज्ञ फेलिक्स पुशे म्हणत होता, उकळलेल्या गवताच्या काढ्यात सूक्ष्मजीव आपोआप उपजतात. लुई पाश्चरने दोष दिला पुशेच्या प्रयोगातल्या पाऱ्यावरच्या धुळीला. पाश्चरचा स्वतःचा प्रयोग गवताच्या काढ्यावरचा नव्हे, यीस्टच्या अर्कावरचा होता, आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याच्या बाजूने कौल दिला. पुढे १८७६ साली फर्डिनांड कोनने दाखवले, की गवतावरच्या जीवाणूचे बीजाणू उकळण्यातूनही जिवंत राहतात. सूक्ष्मजीव आपोआप उपजत नाहीत हा पाश्चरचा निष्कर्ष खरा ठरला, पण पुशेच्या काढ्यात जीव का दिसले, याचे त्याचे स्पष्टीकरण अपुरे होते. जिंकलेल्या बाजूच्या तर्कातही भोक असू शकते.

विज्ञानलेखक म्हणून आपली जबाबदारी यातून ठरते. ‘अंतराळातून आले जीवाणू’ हा मथळा खपतो. ‘निर्णायकपणे सिद्ध होत नाही’ हे वाक्य जागेअभावी कापले जाते. माझी तुम्हाला विनंती आहे : इतर काहीही कापा, ते वाक्य कापू नका. आणि एखादा दावा आपल्या मनासारखा असेल, तर तो दुप्पट कठोरपणे तपासा.