सासूबाईंच्या ओव्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. व्याख्यान कसे द्यावे हे मला ठाऊक नाही. पण चिटणीसबाईंचा आग्रह मोडवेना, म्हणून घरी जे केले तेच सांगते.

माझ्या सासूबाई 83 वर्षांच्या आहेत. दळणाच्या ओव्या त्यांना पुष्कळ येतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखावर ओव्या जमविल्या, हे वाचल्यापासून मनाला लागून राहिले होते, की आपल्या घरातल्या तेवढ्या जाऊ द्यायच्या का? धाकट्याने आपल्या लॅपटॉपमध्ये ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम घालून दिला. तो फुकट मिळतो. कुंकवाच्या टिकलीसारखे लाल बटण दाबले, की आवाज भरू लागतो आणि पडद्यावर त्याच्या लाटा उमटतात.

सासूबाईंना नुसते बसून ओवी आठवेना. हात खुंट्यावर पडला पाहिजे. म्हणून अडगळीतले जाते काढले. लॅपटॉप शेजारीच फरशीवर ठेवला, ही माझी पहिली चूक. जात्याची घरघर फरशीतून थेट यंत्रात शिरली. दुसरी चूक अशी, की त्यांचा आवाज बारीक म्हणून मी आवाजाचे माप पार वर चढविले. त्या दिवशी त्यांनी आपल्या गेलेल्या लेकीची ओवी म्हटली, आणि शेवटी गळा एकदम मोकळा झाला. पडद्यावरची पट्टी लाल झाली. लाल झाली म्हणजे लाटांचे शेंडे कापले गेले. ते पुढे कशानेही धड परत येत नाहीत. ऐकताना तेवढा आवाज फाटल्यासारखा येतो. लेक जाऊन 50 वर्षे झाली. मी तिला पाहिलेलेही नाही. घरात तिचे नाव कोणी काढीत नाही.

दुसऱ्या दिवशी नीट बेत केला. पंखा बंद. लॅपटॉप पाटावर, पाटाखाली गोधडीची घडी, तोंडापासून हातभर अंतर. पट्टी लालच्या बरीच अलीकडे राहील एवढेच माप. आधी थोडा वेळ कोणी बोलायचे नाही. ती शांतता प्रोग्रॅमला दाखविली, की तो पंख्यासारखी एकसुरी गुणगुण पुढे कमी करतो. कावळा आणि कुकरची शिट्टी मात्र त्याच्याने जात नाही! आणि बायांनो, नुसते ‘सेव्ह’ करून थांबू नका. ‘एक्स्पोर्ट’ करून आवाजाची फाईल काढा, तरच ती मोबाईलवर वाजते. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

अशा 41 ओव्या झाल्या. लेकीची पुन्हा म्हणा म्हटले, तर सासूबाई म्हणाल्या, “ती झाली गं म्हणून.” आणि पदराने हात पुसून उठल्या.

मुलगा म्हणाला, “आई, ती बिघडलेली फाईल काढून टाकू?” मी हात लावू दिला नाही. तिला माझ्या नणंदेचे नाव दिले आहे.