अंगणातील रान

(मंडळाच्या अकोट येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थी वसतिगृहामागील मोकळ्या जागेवर सिमेंटची फरशी घालावी, अशी सूचना यंदा सभेपुढे आली आहे. चिखल होतो, पाचोळा पडतो, झाडलोटीस माणूस मिळत नाही, ही कारणे खोटी नाहीत. तथापि निर्णयापूर्वी आमचे दोन शब्द ऐकून घ्यावेत, ही विनंती. कारण हीच कारणे सांगून आम्ही स्वतःच्या घरी एक चूक करून बसलो आहोत.

आमच्या घरामागे, वऱ्हाडात जिला सांदवाडी म्हणतात, तेथे एक जुना उंबर होता. फळे गळून घाण होते म्हणून आम्ही तो तोडविला आणि फरशी घातली. मातोश्री काही बोलल्या नाहीत. फक्त पाखरांसाठी ठेवलेले पाण्याचे परळ त्यांनी उचलून आत ठेवले. त्या वैशाखात पारा 45 अंशांवर गेला, तेव्हा मागची भिंत मध्यरात्रीपर्यंत निवत नसे. आणि मृगाचे पाणी जमिनीत न मुरता सरळ रस्त्यावर वाहून गेले.

अकोटच्या उत्तरेस सातपुडा आहे. नरनाळ्यापलीकडे मेळघाटचे अरण्य पसरले आहे. 1973 साली देशात जी पहिली नऊ व्याघ्रक्षेत्रे निवडली गेली, त्यांत मेळघाट होते. दक्षिणेस पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, आणि मध्ये आपली गावे व शेते. डोंगरातील पाखरू खाली उतरले, तर त्याला विसाव्यास अंगणातील झाडच हवे. उंबर फळला की हरियाल येतो. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी होय.

वास्तविक पाखरांचे पोट फळांवरच भागत नाही. शिंपी, दयाळ, बुलबुल ही पाखरे पिलांना किडे-अळ्या भरवितात, आणि अळ्या वाटेल त्या पानावर जगत नाहीत. लिंबाच्या फुलपाखराची अळी लिंबू-बेलाच्या पानांवर वाढते. 2015 साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताचीही तीच तऱ्हा. रुईच्या झाडावर वेगळी फुलपाखरे वाढतात. मादागास्करहून आलेला गुलमोहर शोभा देतो खरा, परंतु आपल्या कीटकांशी त्याची ओळख थोडी. परके म्हणून आमचे कोणाशी वैर नाही. सीताफळही मूळचे अमेरिकेतील, आणि त्यावाचून वऱ्हाडची दिवाळी गोड होत नाही. म्हणणे एवढेच की, घरच्यांची जागा घरच्यांसाठी राखावी.

आम्ही पुढे फरशीचे चार तुकडे उखडून तेथे लिंबू, कढीनिंब, अडुळसा व पारिजातक लावला, आणि कुंपणावर गुळवेल चढविली. आर्द्रात लावलेली रोपे पहिले दोन उन्हाळे मात्र पाण्याने जपावी लागतात. लिंबाची पाने अळ्यांनी कुरतडलेली पाहून आमच्या हातात औषधाचा पंप आला होता. परंतु शिंप्याची जोडी त्याच अळ्या चोचीत धरून नेताना दिसली, आणि पंप जागच्या जागी राहिला. अडुळसा फुलला की त्यावर भुंगे घुमू लागतात. उंबर मात्र परत आला नाही; तितकी वर्षे आता आमच्यापाशी नाहीत.

म्हणून सभेस सुचवावेसे वाटते की, जाण्यायेण्यापुरती फरसबंदी करावी व उरलेली जागा मोकळी ठेवावी. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते, याकरिता मोठी झाडे भिंतीपासून दूर लावावीत. कोपऱ्यात एक उंबर, एक बेल, एक बहावा. पाचोळा जाळू नये, झाडांच्या बुंध्याशी पसरावा. झाडांची निगा विद्यार्थ्यांकडे सोपवावी. दहा वर्षांनी ते मुलाबाळांसह येथे येतील, तेव्हा दाखविण्यास त्यांच्यापाशी काहीतरी असेल.

आमच्या मातोश्रींनी ते परळ पुन्हा बाहेर ठेवले आहे. मंडळानेही एक ठेवावे, इतके मागून आम्ही आपली रजा घेतो.