नावाने हाक मारणारा देव

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात मंडळ्यांच्या प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे ‘ख्रिस्तात आपली ओळख’. या विषयावर आपण सगळ्यांनीच पुष्कळ संदेश ऐकलेले आहेत. आपण देवाची लेकरं आहोत, निवडलेले आहोत, वारस आहोत. हे सगळं खरंच आहे आणि पाळकसाहेब ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी आज एक शब्द आणि एक बाई एवढंच घेऊन आले आहे. शब्द आपल्या कामाच्या भागातला आहे. बाई पवित्र शास्त्रातली आहे.

शब्द आहे ‘कोयता’.

मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी थोडं सांगते. दिवाळीच्या आसपास सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून भिल्ल आणि पावरा कुटुंबं ऊसतोडीला खाली उतरतात. काही गुजरातेत बारडोलीकडे जातात, काही आपल्या राज्यातल्या कारखान्यांवर. निघण्याआधी मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे, आणि हंगामभर तोडणी करून ती फेडायची. हा मुकादम माणसं मोजत नाही. तो कोयते मोजतो. ‘यंदा किती कोयते दिलेस?’ ‘वीस कोयते.’ नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्यामागे ठरते, वहीत नवऱ्याचं नाव लागतं, पैसे त्याच्या हातात पडतात.

आता त्या कोयत्यातली दुसरी अर्धी कुठे गेली? ती पहाटे अंधारात उठून भाकऱ्या थापते, फडात जाऊन मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, रात्री खोपीत परत चूल पेटवते. लेकरू बांधावर झोपवलेलं असतं. पण हिशेबात ती नाही. हंगामाचे पाच-सहा महिने तिला कोणी नावाने हाक मारत नाही, कारण तिच्या नावाचं कोणाला काही काम पडत नाही.

आणि बाई आहे हागार.

उत्पत्तीचा 16 वा अध्याय घरी जाऊन पुन्हा वाचा, आणि एकच गोष्ट बघा. साराय हागारेविषयी बोलते तेव्हा काय म्हणते, अब्राम काय म्हणतो. दोघांच्याही तोंडी तिचं नाव नाही. ती म्हणते माझी दासी, तो म्हणतो तुझी दासी. अब्राम आपला विश्वासाचा बाप, आणि त्याच्या तंबूत एक बाई वर्षानुवर्षं राबते, त्याचं मूल पोटात वाढवते, पण त्याच्या तोंडी तिचं नाव येत नाही. शास्त्र हे लपवत नाही. मला शास्त्राचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

मग छळ असह्य होऊन ती पळते. रानात, शूरच्या वाटेवर, एका झऱ्यापाशी देवाचा दूत तिला गाठतो, आणि त्या अध्यायात पहिल्यांदा कोणीतरी तिला ‘हागार’ म्हणून हाक मारतं. ती कोणाची दासी आहे हे दूताला माहीत आहे, तेही तो म्हणतो. पण आधी नाव. मग दोन प्रश्न विचारतो, कुठून आलीस आणि कुठे जाणार. पहिल्याचं उत्तर ती देते. दुसऱ्याचं तिच्याजवळ नाही. नंतर ती एक धाडस करते. ती देवालाच एक नाव देते, मला पाहणारा देव. ज्या बाईचं नाव घरात कोणी घेत नव्हतं तिने देवाला नाव दिलं, आणि शास्त्राने ते जपून ठेवलं.

काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या आवारातल्या तळावर आम्ही संध्याकाळी मुलांचा वर्ग घेत होतो. वर्ग संपला की बायका येऊन बसायच्या. मी एकेकीला नाव विचारलं. एकीने नवऱ्याचं नाव सांगितलं. ‘त्याचं नको, तुमचं सांगा’ म्हटल्यावर सगळ्या हसल्या, आणि एक मुलगा पुढे होऊन म्हणाला, ‘ती आई आहे.’ त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. बऱ्याच हसण्यानंतर नावं निघाली. सुंदर नावं होती. मी ती इथे सांगत नाही, का ते पुढे येईल.

त्या संध्याकाळी मी त्यांना हागारेची गोष्ट सांगितली. भाषांतराला आमची एक पावरा कार्यकर्ती होती. दूत नाव घेऊन हाक मारतो इथे त्या गप्प झाल्या. मी पुढे सांगितलं की दूताने तिला मालकिणीकडे परत जायला सांगितलं. तेव्हा मागे बसलेली एक बाई, कडेवर लेकरू, एकदम म्हणाली, ‘परत कशाला?’

थिऑलॉजीच्या पदविकेला मी याच अध्यायावर निबंध लिहिला होता. चांगले गुण मिळाले होते. हा प्रश्न त्यात नव्हता. मी काही बोलायच्या आत दुसरीच म्हणाली, ‘पोटात पोर होतं ना. रानात एकटी कुठे बाळंत होणार?’ आणि त्या दोघी आपसात बोलू लागल्या, त्यांच्या बोलीत, बराच वेळ. माझी गरज उरली नव्हती.

ही गोष्ट मी इतकी का सांगतेय? कारण ‘ख्रिस्तात ओळख’ याचा आपण कधीकधी फार स्वस्त अर्थ लावतो. विश्वास ठेवला की आत्मविश्वास आला, आत्मविश्वास आला की दिवस पालटले. हागारेचे दिवस पालटले नाहीत, ती त्याच तंबूत परत गेली. (ती तिथून सुटते, पण ते 21 व्या अध्यायात, भाकरी आणि पाण्याची एक मसक घेऊन, आणि ते सुटणंही फार कठीण होतं.) आणि परत जा हे देवाने एका गरोदर बाईला एका रानात सांगितलं. ते आपण कोणा राबणाऱ्या बाईला सांगायचं वचन नव्हे. आपल्या देशात 1976 पासून वेठबिगारीविरुद्ध कायदा आहे. उचलीच्या नावाखाली माणूस डांबला असेल तर तिथे प्रार्थनेबरोबर तहसीलदाराकडे अर्जही गेला पाहिजे.

पण हागार जी गेली होती ती परत आली नाही. आता तिला ठाऊक होतं की तिला पाहणारा कोणी आहे. प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग आठवा. यार्देनेत उभा राहिला तेव्हा त्याने अजून एकही आजारी बरा केला नव्हता, एकही उपदेश केला नव्हता, नासरेथच्या सुताराचा मुलगा एवढीच त्याची लोकांत ओळख होती. आणि पित्याने तिथेच, कामाला सुरुवात होण्याआधी, हा माझा प्रिय पुत्र म्हणून त्याच्यावर आपली पसंती जाहीर केली. आधी पुत्र, मग काम. मुकादमाची वही बरोबर उलट चालते.

त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईने पुढच्या वर्षी उचल ठरताना मुकादमाला सांगितलं, त्याच्या नावाशेजारी माझंही लिही. मुकादम हसला, पण त्याने लिहिलं. दर तोच राहिला. उचलही तीच.

आता एक प्रश्न, जो आमच्या वसतिगृहातली मोठी मुलं-मुली हमखास विचारतात. ‘मी ख्रिस्ती झालो तर मी आदिवासी राहतो का?’ कायद्याचं उत्तर सोपं आहे. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या त्याच वर्षीच्या आदेशात तशी अट नाही. पण मुलं फक्त दाखल्याबद्दल विचारत नसतात. आपली बोली, आपलं आडनाव, आपला ढोल, होळीला जमणारे आपले लोक, हे सगळं सोडावं लागेल का, असं त्यांना विचारायचं असतं. मी त्यांना नारायण वामन टिळकांचं सांगते. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी नाव बदललं नाही, भाषा बदलली नाही, उलट भजन आणि कीर्तन आपल्या उपासनेत आणलं. सणाचं कोणतं अंग ठेवायचं आणि कोणतं नाही हे विश्वासात आलेल्या आदिवासींनी प्रार्थना करून स्वतः ठरवावं. आपल्या समितीने पुण्यात बसून ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि देवाची प्रतिमा माणसावर उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात उमटलेली आहे. मिशनची जीप पाड्यावर पोचली तेव्हा ती तिथे आधीच होती.

आपल्यापैकी अनेकांच्या घरातली एक गोष्टही इथे बोलते. राग मानू नका. आपल्या पणजोबांना गावात नावाने हाक मारत नव्हते. जातीने, नाहीतर गावकीच्या कामाने हाक मारत. प्रभूने त्यांना नावाने बोलावलं म्हणून आपण आज या खुर्च्यांवर बसलो आहोत. पण ती हकीकत आपण मुलांना सांगत नाही, लाज वाटते. मग तीच मुलं टक्क्यांवर, पगारावर, लग्नाच्या वेळी रंगावर स्वतःची किंमत लावत बसतात, आणि ती कमी भरली की कोलमडतात. पणजोबांची साक्ष त्यांना सांगा.

पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या आणि नंतर गुजरातेतल्या दुष्काळातून मुली-बायका केडगावला आणल्या. बाई त्यांना नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत. त्यांना विणकाम, शेती, छपाई शिकवली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलाच्या छपाईला मुक्ती मिशनमधल्या मुलींचेच हात लागले. काल जिला कोणी विचारत नव्हतं ती खिळे जुळवून देवाचं वचन छापत होती. मदत करायची तर अशी.

म्हणून शेवटी या वार्तापत्राबद्दल. देणगीदारांकडून कधीकधी सूचना येते की फोटो जरा ‘मन हेलावणारे’ पाठवा. म्हणजे उघडं अंग, शेंबडं नाक, रिकामी थाळी. मला हे फोटो पाठवायचे नाहीत, आणि तुम्हीही ते मागू नयेत अशी हात जोडून विनंती आहे. आपल्या मुलाचा असा फोटो आपण छापू देऊ का? कोणाचंही नाव किंवा चेहरा त्यांना विचारल्याशिवाय छापणार नाही, हे आम्ही कार्यकर्त्यांनी ठरवलं आहे. म्हणूनच मघाशी त्या बायकांची नावं मी सांगितली नाहीत.

पण मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी ज्यांनी स्वतःहून नाव दिलं आहे त्यांची यादी बाहेर चहाच्या टेबलावर ठेवली आहे. या हंगामाला निघालेल्या बायका आहेत, काहींच्या गाड्या येत्या आठवड्यात सुटतील. प्रत्येक मंडळीने दोन-दोन नावं घ्यावीत. काही नावांचा उच्चार तुम्हाला जमणार नाही. वसतिगृहाच्या मुली तिथेच उभ्या आहेत. त्यांना विचारा, त्या म्हणून दाखवतील.