दुसऱ्याचा फोटो बघताना



लँडस्केप फोटो कसा काढावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. त्याच्या कार्यशाळा होतात, पुस्तकं निघतात, पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी सह्याद्रीत कुठे ना कुठे फोटोग्राफीचा ट्रेक असतो. काढलेल्या फोटोबद्दल दुसऱ्यानं काय आणि कसं बोलावं, हे मात्र कुणी शिकवत नाही. माझं मत स्पष्ट आहे. चांगले फोटो काढणारे आपल्याकडे भरपूर झालेत. ते नीट बघून नीट बोलणारे कमी पडताहेत. आणि बोलणारं कुणी नसलं की काढणाऱ्याची वाढ खुंटते. त्याच त्या कड्याचा, त्याच त्या सूर्यास्ताचा फोटो तो दहा वर्षं काढत राहतो.

खरं तर एकमेकांना फोटो दाखवण्यासाठी एकत्र येणं आपल्याला नवं नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, म्हणजे फोटोग्राफीचा शोध जाहीर झाल्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात पुढे होते. पुढे कॅमेरा क्लब आले, सलोन म्हणजे निवडलेल्या फोटोंची प्रदर्शनं आली, स्पर्धा आल्या. सलोनमध्ये परीक्षकासमोर फोटो काही सेकंद असतो आणि त्याला गुण पडतात. शेकडो फोटो निवडायचे तर दुसरा मार्ग नाही, हे मला मान्य आहे. पण ती निवड झाली. अभिप्राय म्हणजे निवड नव्हे, आणि आपण मात्र मित्राचा फोटोसुद्धा परीक्षकाच्या खुर्चीत बसून बघायला लागलो आहोत.

अभिप्राय कसा असतो, याचा एक प्रसंग सांगतो. १९३३ साली लँडस्केप फोटोग्राफर अँसल ॲडम्स कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला गेला तो आल्फ्रेड स्टिग्लिट्झला आपले प्रिंट दाखवायला. स्टिग्लिट्झ तेव्हा अमेरिकन फोटोग्राफीतला सर्वांत ज्येष्ठ माणूस. त्याची ‘ॲन अमेरिकन प्लेस’ नावाची गॅलरी होती. तिथे बसायला खुर्ची एकच, तिच्यावर स्टिग्लिट्झ. तेव्हा ॲडम्स टेकला खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर, आणि तो चांगलाच तापलेला. स्टिग्लिट्झनं एकेक प्रिंट बघितला. एक शब्द नाही. सगळे बघून झाल्यावर त्यानं पोर्टफोलिओ मिटला, नाड्या बांधल्या. मग त्या पुन्हा सोडल्या आणि पहिल्या प्रिंटपासून सगळे प्रिंट पुन्हा तितक्याच सावकाश बघितले. त्यानंतर तो बोलला, आणि मनापासून चांगलं बोलला. तीन वर्षांनी, १९३६ मध्ये, त्यानं आपल्या गॅलरीत ॲडम्सचं प्रदर्शन भरवलं.

या प्रसंगात मला स्तुतीपेक्षा ते दुसऱ्यांदा बघणं महत्त्वाचं वाटतं. पहिल्या नजरेत आपण फोटो बघत नाही, ओळखतो. हा हरिश्चंद्रगड, हे कास, हा भंडारदऱ्याचा जलाशय. ओळख पटली की नजर थांबते आणि तोंडातून ‘अप्रतिम’ निघतं. फोटोत खरोखर काय आहे ते दुसऱ्यांदा बघताना दिसतं. कडांशी काय चाललंय, उजेड कुठून आलाय, नजर कुठून आत शिरते आणि कुठे अडते. ‘ॲपर्चर’ हे नियतकालिक १९५२ साली ज्यांनी सुरू केलं त्यांपैकी एक मायनर व्हाइट. तो विद्यार्थ्यांना एकाच फोटोसमोर बराच वेळ शांत बसायला लावत असे. बोलायचं ते त्यानंतर. आपल्याला इतकं जमलं नाही तरी निदान एक मिनिट गप्प राहायला हरकत नाही.

आता ती ‘अप्रतिम’ची गोष्ट. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं इंद्रवज्र तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. सकाळचं ऊन पाठीमागे, समोर कड्याखाली धुकं, आणि त्या धुक्यावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सला ते तिथे दिसल्याची नोंद गडाची माहिती देणारे सगळेच आवर्जून सांगतात. त्याचा फोटो कुणी दाखवला की सगळे भारावून जातात. साहजिकच आहे. पण ती दाद इंद्रवज्राला गेली, सह्याद्रीला गेली. फोटो काढणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काय आलं? वर्तुळ चौकटीत कुठे ठेवलं, खालची कड घेतली की सोडली, धुक्याचा पांढरा रंग सांभाळला की तो सपाट कागदासारखा झाला, हे कुणीच बोललं नाही. याच्या उलटही होतं. कुणी आपल्या गावामागच्या साध्या माळरानाचा फोटो दाखवतं, जागा नावाजलेली नसते, आणि फार विचारानं काढलेला तो फोटो तीन सेकंदांत मागे पडतो. जागेचं कौतुक आणि फोटोचं कौतुक वेगळं करता येणं, ही मला या कामातली पहिली पायरी वाटते.

इंद्रवज्राची आणखी एक गंमत आहे. त्या वर्तुळाच्या मध्यावर पडते ती बघणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याची सावली. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं वर्तुळ त्याच्या सावलीभोवती. दुसऱ्याच्या फोटोबद्दल बोलताना आपलं नेमकं हेच होतं. ‘मी असतो तर अजून खाली वाकलो असतो.’ ‘मी असतो तर ढग उतरेपर्यंत थांबलो असतो.’ ‘इथे वाइड हवी होती.’ हा सगळा तपशील आपल्या न काढलेल्या फोटोचा असतो. समोरच्यानं काढलेल्या फोटोबद्दल त्यात अवाक्षर नसतं.

म्हणून आधी विचारावं, ‘तू इथे कशासाठी थांबलास?’ इगतपुरीकडचा, जुलैतला भातलावणीचा एक फोटो एका तरुणानं आमच्या मंडळींना दाखवला होता. पाण्यानं भरलेली खाचरं, मधले बांध, वाकून लावणी करणाऱ्या बायका, मागे ढगात अर्धे बुडालेले डोंगर आणि उजव्या कडेला बांधावर टाकलेला निळा प्लॅस्टिकचा कागद. सूचना लगेच सुरू झाल्या. आकाश कोरं आहे, वरून कापून टाक. बायकांचे चेहरे दिसत नाहीत, जवळ जायला हवं होतंस. हिरवा रंग थोडा चढव. तो मुलगा मान डोलवत सगळं ऐकून घेत होता. मग एका वयस्कर सदस्यानं त्याला तो प्रश्न विचारला. मुलगा म्हणाला, ‘काका, अर्ध्या खाचरात लावणी झाली होती आणि अर्धं मोकळं होतं. मोकळ्या पाण्यात आख्खं आभाळ दिसत होतं, आणि लावलेल्या भागात त्याच आभाळाचे तुकडे झाले होते. मी त्यासाठी थांबलो.’

आम्ही पुन्हा फोटो बघितला. होतं की! फोटोच्या मधोमध होतं आणि एकालाही दिसलं नव्हतं. का दिसलं नव्हतं, याचा शोध घेतला तेव्हा खरी चर्चा सुरू झाली. तो निळा कागद चौकटीतला सर्वांत गडद रंगाचा तुकडा होता आणि अगदी कडेला होता. नजर आधी तिकडे जायची आणि तिथून बाहेर पडायची. दोन पावलं डावीकडे सरकलं असतं तर तो चौकटीबाहेर गेला असता. शिवाय वरचं आकाश कापून टाकलं असतं तर पाण्यातलं आभाळ आलं कुठून हेच कळलं नसतं. म्हणजे पहिली सूचना त्या फोटोच्या मुळावर येणारी होती. सूचना देणारा अनुभवी होता, त्याचा नियमही चुकीचा नव्हता. पण तो नियम या फोटोला लागू आहे की नाही, हे फोटोग्राफरला काय दाखवायचं होतं ते समजल्याशिवाय ठरवता येत नाही.

हेतू कळला की मग दोषाबद्दल मोकळेपणानं बोलावं. मन दुखावेल म्हणून गप्प बसणं हा मला सभ्यपणा वाटत नाही. ज्यानं भल्या पहाटे उठून, पाठीवर ट्रायपॉड घेऊन गड चढला, त्याच्या कष्टांची ती उपेक्षा आहे. फक्त दोष नेमका सांगावा. कासचं उदाहरण घेऊ. सप्टेंबरात जांभ्याच्या सड्यावर तेरडा फुलतो, मधूनमधून सोनकीचा पिवळा. त्या फोटोंवर हमखास शेरा येतो, ‘रंग जरा जास्त झालेत.’ हे ऐकून फोटोग्राफर काय करणार? सगळेच रंग उतरवणार, आणि फोटो आजारी दिसायला लागणार. त्याऐवजी असं म्हणून बघा. ‘मागचे डोंगर, गवत, आकाश नैसर्गिक वाटतंय. तेरड्याच्या पाकळ्यांचा मात्र एकसलग गुलाबी ठिपका झालाय, शिरा आणि घड्या दिसत नाहीत.’ आता दोष सापडला. भडक फुलांच्या बाबतीत एकूण उजेडाचा हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि एकटा लाल चॅनल टोकाला जाऊन आपटलेला असतो. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे बघायचे, एक्स्पोजर थोडं कमी ठेवायचं, नंतर फक्त त्या रंगाची सॅच्युरेशन उतरवायची. पुढच्या वर्षी तोच माणूस कासला जाऊन पाकळी सांभाळून आणेल.

त्याच फोटोत आकाशाचा एक पट्टा गडद निळा आणि दोन्ही बाजू फिकट दिसल्या, तर तो पोलरायझरचा परिणाम. सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश सर्वांत जास्त ध्रुवीकृत असतं आणि वाइड लेन्समध्ये आकाशाचा मोठा तुकडा येत असल्यानं तो फरक उघडा पडतो. ‘आकाश विचित्र वाटतं’ इतकंच म्हणून थांबू नये. कारण माहीत असेल तर सांगावं. नसेल तर दिसलं तेवढं, दिसलं तिथे बोट ठेवून सांगावं. तेही पुष्कळ असतं. आणि कासच्या फोटोबद्दल बोलताना आणखी एक विचारावं असं मला वाटतं. हा फोटो काढताना तू उभा कुठे होतास? सड्यावरची माती बोटभर जाडीची. पायाखाली फुलं चिरडून काढलेल्या फोटोचं कौतुक माझ्या तोंडून निघत नाही.

‘पण आकाश खरंच असं होतं का?’ हा आणखी एक नेहमीचा आक्षेप. लबाडी आणि निवड यांत फरक करायला हवा. १९२७ च्या एप्रिलमध्ये योसेमिटीच्या हाफ डोमसमोर ॲडम्सजवळ दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिली त्यानं पिवळा फिल्टर लावून काढली आणि त्याच्या लक्षात आलं की त्या कड्याचा जो दरारा वाटतोय तो यात उतरणार नाही. दुसरी त्यानं गडद लाल फिल्टर लावून काढली. आकाश जवळजवळ काळं आलं. तोच फोटो गाजला. १९४१ सालच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’चे तर एकाच निगेटिव्हवरून त्यानं पुढची कित्येक वर्षं प्रिंट काढले, आणि सुरुवातीच्या प्रिंटमधलं ढगांच्या फिकट रेघांचं आकाश नंतरच्या प्रिंटमध्ये काळं होत गेलं. तेव्हा ‘असं होतं का’ यापेक्षा ‘या काळ्या आकाशानं फोटोला काय मिळालं’ हे विचारणं जास्त उपयोगाचं. जिथे नव्हता तिथे चंद्र आणून चिकटवला आणि तो होता असं सांगितलं, तर तो प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे, आणि तो तसाच विचारावा.

व्यवहारातल्या दोन-चार गोष्टी. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोच्या शार्पनेसबद्दल बोलू नये. वाटेत तो दाबला गेलेला असतो. शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर, त्याहून चांगलं म्हणजे प्रिंटवर बघावं. नवख्या माणसाला एका वेळी एकच सुधारणा सांगावी, ती पुढच्या वेळी करता येण्यासारखी असावी. ‘भल्या पहाटे जायला हवं होतंस’ हे मुंबईहून पहिल्या एसटीनं आलेल्या कॉलेजच्या पोराला सांगून काय उपयोग? आहे त्या दुपारच्या उन्हात काय जमलं असतं ते सांगावं. क्षितिज तिरकं आहे, सेन्सरवर डाग आहे, असली किरकोळ चूक चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांगावी. चौघांसमोर सांगायचं ते फोटोत काय जमलंय, आणि तेही नेमकं. ‘डावीकडच्या त्या एकट्या उंबरामुळे मला डोंगराच्या उंचीचा अंदाज आला’ हे वाक्य फोटोग्राफर कितीतरी दिवस विसरत नाही, कारण त्यातून त्याला कळतं की उंबर चौकटीत ठेवण्याचा आपला निर्णय कुणापर्यंत तरी पोचला.

फोटो काढणारा डोंगरात एकटा असतो. तिथे त्याला जे वाटलं ते कागदावर उतरलं की नाही, हे त्याचं त्याला कधीच पुरतं कळत नाही; फोटो बघितला की त्याला वारा, थंडी, दमछाक सगळं आठवतं आणि तो ते फोटोत आहे असं समजतो. ज्याला तो वारा लागलेला नाही असा माणूसच त्याला खरं सांगू शकतो. त्यासाठी हाती कॅमेरा असावा लागत नाही.

बाहेरच्या दालनात संयोजकांनी तरुण फोटोग्राफरांचे प्रिंट लावले आहेत आणि ती मुलंमुली आपापल्या फोटोंजवळ उभी आहेत. चहाला जाताना कुठल्याही एकाच फोटोसमोर थांबा. एक मिनिट काही बोलू नका. मग तो काढणाऱ्याला सांगा, तुमची नजर आधी कुठे गेली, नंतर कुठे गेली आणि कुठे अडली. आणि मग त्याला बोलू द्या.