खुनाचा निवाडा आणि वसईची किंमत
(वसई येथील सभेत दिलेले व्याख्यान)



मोठ्या माणसावर गुन्ह्याचा आळ आला म्हणजे निरनिराळ्या देशांत त्याचे काय होते, हा आजचा विषय आहे. वसईकरांना तो परक्यांच्या ग्रंथांतून शिकण्याचे कारण नाही. खुनाचा दोष माथी असलेल्या एका मोठ्या माणसाने पुन्हा गादी मिळविण्यासाठी जी किंमत कबूल केली, तीत तुमची ही वसई होती.

ता. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा खून केला आणि त्याचा चुलता राघोबा पेशवा झाला. 'ध'चा 'मा' केल्याची कथा तुम्ही ऐकलीच आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून राघोबाला दोषी ठरविले, या पापाला देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि ते पुणे सोडून गेले. रामशास्त्री ब्राह्मण होते म्हणून त्यांचे मोठेपण आम्ही नाकारणार नाही. सत्यशोधकाला ते शोभणार नाही. उलट त्यांचे धैर्य अधिकच मानावे लागते, कारण कितीही मोठा अपराध घडला तरी ब्राह्मणाचा वध न करता मुंडन करून, वित्तासह त्याला राज्याबाहेर घालवावे, असे मनुस्मृती सांगते.

पण निवाडा झाला, आणि बजावणी कोणी केली? कारस्थानातला तुळाजी पवार, गारद्यांचा महमद इसफ यांना पुढे हुडकून ठार करण्यात आले. चाकरांना शासन झाले. धनी सुरतेस इंग्रजांच्या पंखाखाली गेला. मार्च 1775 च्या सुरतेच्या तहात, इंग्रजी फौजेच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई देण्याचे राघोबाने कबूल केले. हीच वसई 1739 साली चिमाजी अप्पांच्या स्वारीत हजारो शिपायांनी प्राण देऊन घेतली होती. त्या शिपायांना कोणी विचारले काय? डिसेंबर 1780 मध्ये जनरल गॉडर्डने वेढा घालून किल्ला घेतला. 1782 च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली, साष्टी मात्र गेली ती गेलीच. आणि ज्याला देहान्त सांगितला होता त्या राघोबाला दरमहा 25 हजार रुपयांची नेमणूक मिळाली! त्याच्याच मुलाने, दुसऱ्या बाजीरावाने, ता. 31 डिसेंबर 1802 रोजी इंग्रजांशी तह करून राज्याचे स्वातंत्र्य घालविले. तो तहही वसईचाच.

आता इंग्रजांचा न्याय पाहू. 1760 साली लॉर्ड फेरर्स या उमरावाने आपल्या कारभाऱ्याला गोळी घालून मारले. उमरावांची चौकशी उमरावांनीच करावी अशी तेथे चाल होती. ती 1948 पर्यंत टिकली. तरी त्या उमरावांनीच त्याला दोषी ठरविले आणि भर लोकांसमोर तो फासावर गेला. चाकराच्या खुनाबद्दल धनी फाशी! हे त्यांच्या घरचे. आमच्या देशात त्यांची रीत निराळी होती. ज्या 1775 साली सुरतेस राघोबाशी करार झाला, त्याच वर्षी कलकत्त्यास नंदकुमाराला खोट्या दस्तऐवजाच्या आरोपावरून फाशी दिले. गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज लाच खातो, असा आरोप करण्याचे धाडस या नंदकुमाराने केले होते. खुद्द हेस्टिंग्जवर पार्लमेंटात सात वर्षे खटला चालला. 1795 साली तो निर्दोष सुटला आणि कंपनीने त्याला पेन्शन बांधून दिले.

आशियातले दोन दाखले घ्या. जपानचा माजी मुख्य प्रधान तनाका याला विमान कंपनीची लाच घेतल्याबद्दल 1976 साली अटक झाली व 1983 साली शिक्षा झाली. अपील चालू असता त्याच वर्षी निवडणूक आली, तेव्हा त्याच्या जिल्ह्याने त्याला प्रचंड मतांनी निवडून दिले! का? त्याने जिल्ह्यात रस्ते आणि आगगाडी आणली होती. दक्षिण कोरियात 1996 साली दोन माजी राष्ट्राध्यक्षांना शिक्षा झाल्या. पुढच्याच वर्षी दोघांनाही माफी मिळाली. म्हणजे कोणी मोठ्याला पकडतो आणि मग सोडतो. कोणी त्याला दोषी ठरवून पुन्हा मते देतो.

तात्पर्य, कायद्याचे पुस्तक सर्वत्र जवळजवळ सारखे असते. फरक पडतो तो लोकांच्या वळणात. आमच्या राज्यघटनेचे 14 वे कलम सर्वांना कायद्यापुढे समान मानते. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या आमदार-खासदाराची जागा तत्काळ जाते, असा निकाल सुप्रीम कोर्टाने 2013 साली दिला. कलमे उणी नाहीत. उणीव आहे ती 'तो आपला माणूस आहे' या एका वाक्यात.

बंधूंनो, येथे मला कडू बोलले पाहिजे. भटशाहीत जातीमुळे शिक्षा चुके, म्हणून जोतीरावांनी त्या व्यवस्थेवर कोरडे ओढले. आज बहुजनसमाजात पुढारी झाले, सावकार झाले, बिल्डर झाले. त्यांतल्या एखाद्यावर आळ आला की आपण प्रथम काय विचारतो? त्याची जात! मग मनूचा श्लोक जाळून आपण काय मिळविले? श्लोक तोच राहिला, त्यात फक्त जातीचे नाव बदलले.

आळ म्हणजे गुन्हा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. 1791 साली पुण्यात घाशीराम कोतवालाला जमावाने दगडांनी ठेचून मारले. तो न्याय नव्हता. शिवाय त्याला कोतवाली देणाऱ्या नाना फडणवीसांचा कारभार पूर्ववत् चालूच राहिला. न्याय कोर्टातच व्हावा, पण तो तेथपर्यंत पोहोचू देणे हे आपले काम आहे. साक्षीदार कोणी आकाशातून पडत नाही. तो आपल्या आळीतला कोळी, आगरी, भंडारी, वाडवळ, ख्रिस्ती किंवा वारली असतो. त्याला एकटे पाडू नका. जामिनावर सुटलेल्यासाठी हारतुरे घेऊन स्टेशनावर जाऊ नका. हस्तक पकडला गेला की धनी कोण, हे विचारल्याशिवाय राहू नका. आणि रस्ता केला, नळ आणला म्हणून कोणाला खून माफ करू नका. तो रस्ता आपल्याच पैशाचा असतो.

राघोबाची शिक्षा चुकली तेव्हा किंमत रयतेने भरली. ती रयत म्हणजे आपणच.