घोडा गल्लीत आला नाही

लवळ्याहून एका वाटेनं गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम गाठता येतं, दुसरीनं पुण्याच्या कॅम्पातलं रेसकोर्स. एकाची भरभराट झाली, दुसऱ्याची उतरण.

आयपीएल सुरू झाली 2008 साली. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे तिचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. उलट, 1883 सालच्या महालक्ष्मी रेसकोर्सची 120 एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे द्यायचं 2024 साली ठरलं.

घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली म्हटलं. तरी पैजेवर आधी 28 टक्के जीएसटी बसला आणि 2025 साली तो 40 टक्के झाला. करामुळे गिऱ्हाईक चोरट्या बुकीकडे वळतं, ही टर्फ क्लबांची तक्रार.

पण खरं कारण मला वेगळं वाटतं. क्रिकेटला एक फळकूट आणि रबरी चेंडू पुरतो. गल्लीत खेळलेलं पोर जन्मभराचा प्रेक्षक होतं. घोडा मात्र गल्लीत आलाच नाही. लोकांचं नातं घोड्याशी जडलं नाही, पैजेच्या तिकिटाशी जडलं.

श्रीमंत मालक दुसरा शौक शोधील. पहाटे खरारा करणाऱ्या मोतद्दारानं काय शोधायचं?